नऊ रेडिएटर

अबू सुलतानच्या घरात मी नऊ रेडिएटर बसवले. माल चांगला होता, जोड पक्के होते, कुठे थेंबभर पाणी गळलं नाही. तरी ते घर त्या हिवाळ्यात गार पडलं, आणि त्यात थोडी चूक माझीही होती. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको.

जॉर्डनमधल्या अजलूनच्या या डोंगरात मी बावीस वर्षं घरं गरम करायचं काम करतोय. बॉयलर, नळ, रेडिएटर, शेगड्या, धुराडी. आमच्याकडे लोकांना अम्मानच्या श्रीमंतांसारखं घर हवं असतं, म्हणजे प्रत्येक खोलीत खिडकीखाली पांढराशुभ्र रेडिएटर. बसवतात हौसेने. मग मार्चमध्ये मी साफसफाईला गेलो की डिझेलची टाकी जवळपास भरलेलीच असते. घरातली सगळी माणसं एका खोलीत एका रॉकेलच्या शेगडीभोवती हिवाळा काढतात आणि रेडिएटरवर मोजे वाळत घालतात. मी काही बोलत नाही. मलाही पोट आहे.

अबू सुलतान म्हणजे आमच्या जंगलाचा जुना राखणदार. एकतीस वर्षं ओकची झाडं राखली त्याने. माझ्या बापाला एकदा लाकडाच्या मोळीसकट पकडलं आणि गाढव आठ दिवस चौकीत बांधून ठेवलं. बाप मरेपर्यंत त्याला शिव्या देत राहिला, पण गाढव परत आलं ते जाडजूड होऊन आलं, हेही दर वेळी कबूल करायचा. असल्या माणसाच्या घरात लाकडाची शेगडी लागणं शक्यच नव्हतं. सरकारी परवान्याचं लाकूडसुद्धा त्याने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

रेडिएटर बसवायच्या आदल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. सोळा दिवस दवाखान्यात होता. सोडताना डॉक्टरने त्याच्या मुलाला स्पष्ट सांगितलं, "याला धूर चालणार नाही आणि थंडी चालणार नाही. पुढचा हिवाळाही असाच गेला तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही." सुलतान दोहाला असतो, कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस आहे. त्याने सुट्टी घेतली, येऊन महिनाभर राहिला आणि घराची डागडुजी काढली. मला बोलावलं ते सप्टेंबरात.

"अबू तैसीर, सगळं घर," तो म्हणाला. "एकही खोली सोडायची नाही. बाबा कुठेही बसले तरी गरम लागलं पाहिजे."

"डिझेलवर?"

"मग कशावर? तुम्हीच सांगा, स्वस्तात काय पडेल?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. म्हटलं, "सुलतान, स्वस्तात पडतं ते, जे रोज पेटतं. आठ खोल्यांचं डिझेल तुझी आई जाळणार नाही. एकच खोली घे, भिंतींच्या फटी नीट बंद कर, आणि—"

"एकच खोली?" उम्म सुलतान दारात उभी होती. ती त्याची आई. हातात कॉफीचा ट्रे. "म्हणजे पाहुणे आले की मी त्यांना काय सांगू, कोट घालूनच बसा?"

"आई म्हणते ते बरोबर आहे," सुलतान म्हणाला.

मी कॉफी प्यायलो आणि खोल्यांची मापं घ्यायला उठलो. नऊ रेडिएटर म्हणजे माझा सबंध महिना होता.

आता पाहुण्यांच्या खोलीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या कुठल्याही घरात ती खोली सर्वांत मोठी, सर्वांत उजेडाची. उम्म सुलतानची खोली तर दक्षिणेला तोंड करून, दिवसभर ऊन. सोनेरी नक्षीच्या लाकडाचे सोफे, काचेची टेबलं, टेबलांवर तिने स्वतः विणलेले रुमाल. दार कायम बंद. सुलतानच्या साखरपुड्याला उघडली होती, शेजारच्या मयतीला उघडली होती, ईदला उघडते. डागडुजी काढली तेव्हा खिडक्यांना दुहेरी काच बसली ती त्याच खोलीत. भिंतीत थंडी अडवणारा थर भरला तोही तिथेच. छताला प्लास्टरची वेलबुट्टी, तीही तिथेच. आणि अबू सुलतान झोपतो ती मागची खोली, उत्तरेची, डोंगराला चिकटून, भिंतीला ओल. तिला नुसता रंग दिला. पैसे संपले होते आणि तिथे कोण बघायला येणार होतं.

मी रेडिएटर बसवले. दोन मोठे पाहुण्यांच्या खोलीत, बाकीचे इतर खोल्यांत एकेक. बॉयलर चालू करून दाखवला. सुलतानने नऊच्या नऊ रेडिएटरना हात लावून पाहिला, आईला मिठी मारली आणि विमानाला गेला. अबू सुलतान मागच्या खोलीत खाटेवर बसला होता. मी हत्यारं आवरत होतो तेव्हा म्हणाला, "छान झालं पोरा. शोभा आली घराला." चेष्टा करत होता की खरंच म्हणत होता, मला कळलं नाही. त्याचं तसंच आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला दोहाहून फोन आला.

"अबू तैसीर, जरा घरी जाऊन याल? बाबा फोनवर बोलतच नाहीत. दोन शब्द झाले की खोकला. आई म्हणते काही नाही, धूळ गेली. पण मला राहवत नाही."

"बॉयलर चालू आहे ना?"

"चालू आहे. दर शुक्रवारी मी व्हिडिओवर बघतो ना. आईला म्हणतो, हात लाव. ती लावते आणि म्हणते, भाजतंय. स्वेटरसुद्धा घातलेला नसतो तिने. मग खोकला कशाने येतोय?"

मी तसाच उठून गेलो. मंगळवार होता. दार उम्म सुलताननेच उघडलं. अंगावर तिच्या नवऱ्याचा जुना सरकारी ओव्हरकोट, डोक्याला लोकरी शाल, पायात दोन-दोन मोजे. मला बघून तिचा चेहरा पडला.

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली.

"हो. मंगळवारी थंडी नसते का?"

ती दारातून बाजूला झाली. मी आत गेलो. ओट्याजवळच्या रेडिएटरला हात लावला, गार. मधल्या खोलीतला, गार. त्याच्यावर एक टॉवेल आणि दोन बनियनं वाळत होती. मागच्या खोलीत रॉकेलची शेगडी भकभकत होती, वास डोळ्यांत जात होता, आणि खिडकी चार बोटं उघडी, कारण उघडली नाही तर डोकं दुखतं. म्हणजे एका बाजूने जाळायचं आणि दुसऱ्या बाजूने थंडी आत घ्यायची. अबू सुलतान तीन गोधड्यांखाली होता. तोंड तेवढं बाहेर, आणि तेही राखाडी पडलेलं.

मला राग आला. खोटं का सांगू, तिचा आला, सुलतानचा आला आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला.

"बॉयलर बिघडलाय का?" मी विचारलं.

"नाही रे. लावते की मी."

"कधी?"

"लागेल तेव्हा."

गोधडीतून आवाज आला, "शुक्रवारी. नमाजनंतर. अर्धा तास." मग खोकला, लांबच लांब. उम्म सुलतानने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुलतानला सांगू नकोस."

"का सांगू नको?"

"तुला ठाऊक नाही का त्याचं? तीन पोरं, त्यांच्या शाळा, घराचं भाडं. डिझेल त्याच्या पैशाचं. ते यंत्र घरघरायला लागलं ना, की मला वाटतं कोणीतरी त्याच्या ताटातलं काढून घेतंय. मी तिकडे बसून ऐकू शकत नाही. जाऊन बंद करते."

"पण तो पाठवतो ते जाळायलाच ना."

"त्याने पाठवावं. मी जाळू नये," ती म्हणाली. "तुझी आई असती तर तिने जाळलं असतं?"

नसतं जाळलं. माझ्या आईने तर रेडिएटर खोक्यातून बाहेरच काढू दिला नसता.

मी अंगणात जाऊन पायरीवर बसलो. सिगारेट पेटवली, विझवली. समोर त्यांची झाडं, पन्नासेक असतील, ऑलिव्हची. तोडणी होऊन गेली होती. आत स्वयंपाकघरात यंदाच्या तेलाचे डबे मी येताना पाहिले होते. अचानक डोक्यात आलं. आत ओरडून विचारलं, "उम्म सुलतान, जिफ्त कुठाय तुमचा?"

जिफ्त म्हणजे तेल काढून उरलेली ऑलिव्हची पेंड. घाण्यावर ती दाबून हातभर लांबीची कांडकी करून देतात. तेल असतं त्यात, त्यामुळे लाकडापेक्षा जास्त तापते आणि बराच वेळ जळते. ज्याची फळं त्याची पेंड, हा आमच्याकडचा रिवाज आहे.

"घाण्यावरच सोडला," ती दारात येऊन म्हणाली. "कोण वर आणणार? आणून करायचं काय? आता रेडिएटर आहेत ना."

मी खाली घाण्यावर गेलो. घाणावाला नुमान पेंडीच्या ढिगाऱ्यासमोर बसून चहा पीत होता.

"अबू सुलतानची पेंड अजून आहे का?"

"आता आठवण झाली? उद्या गाडी भरून जाणार होती."

"आज माझ्या गाडीत भर."

"त्याच्या घरी तर म्हणे राजवाडा झालाय. राजवाड्यात पेंड जाळणार?"

"तू भर रे. बोलायचे पैसे वेगळे लागतात का?"

तो हसला आणि माणसं लावली. दोन खेपांत सगळी पेंड उम्म सुलतानच्या अंगणात आली. ती बघत उभी होती. एक कांडकं उचलून तिने वास घेतला.

"ही आपल्या झाडांची?"

"तुमच्याच झाडांची. तुम्हीच वेचलेली फळं. सुलतानचं एक फिल्सचं नाणंसुद्धा नाही यात."

"आणि झाड तोडलेलं नाही," आतून अबू सुलतान म्हणाला. त्याचे कान मात्र शाबूत होते.

तिच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी सैल झालेलं पाहिलं. म्हणाली, "मग तर दिवसरात्र जाळीन मी." मी म्हटलं, झालं, जिंकलो. माझ्या दुकानात एक लोखंडी शेगडी पडून होती, पेंडीचीच, झाकण घट्ट बसणारी. धुराडं व्यवस्थित ओढत असलं की धुराचा कणसुद्धा खोलीत येत नाही. ती आणली. पण बसवायची कुठे? मागच्या खोलीत नळी काढायला जागाच नव्हती. मागे डोंगर, धूर आदळून परत खोलीत आला असता. शिवाय त्या ओल्या भिंतींना कितीही ऊब द्या, त्या पिऊन टाकतात. मधल्या खोलीला बाहेरची भिंत नाही. सगळं घर पायाखाली घातलं. एकच खोली उरत होती.

मी ते तोंडातून काढल्यावर उम्म सुलतानने त्या खोलीचं दार उघडलं आणि ती आत सोफ्याजवळ जाऊन उभी राहिली.

"पाहुण्यांच्या खोलीत? शेगडी?"

"शेगडी आणि खाट."

"आणि नळी कुठून काढणार?"

"खिडकीतून. एक काच काढायची, तिथे पत्रा बसवायचा, पत्र्याला भोक."

"रस्त्याकडच्या खिडकीतून?"

"रस्त्याकडच्या."

"नवी काच आहे ती. दुहेरी. गावातून येणारा-जाणारा बघणार, उम्म सुलतानच्या खोलीला पत्रा लागला म्हणून. नुमान तर आजच गावभर करेल." ती सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "चाळीस वर्षं मी ही खोली जपली, अबू तैसीर. पोरांना पाय ठेवू दिला नाही. माझी स्वतःची बहीण आली तरी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. आणि आता इथे त्याची खाट, त्याची औषधं, त्याचं भांडं? पाहुणे आले तर कुठे बसतील?"

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं. तरी मी म्हटलं, "पाहुणे बसतील, उम्म सुलतान. कुठल्या कारणाने येतील तेवढं तुम्ही ठरवा. मयतीला आले की ते इथेच बसणार आहेत."

वाक्य बोलून गेलो आणि जीभ चावली. असं कोणी बोलतं का. ती पांढरी पडली.

तेवढ्यात मागून पाय घसटत अबू सुलतान आला. खाटेवरून उठून, गोधडी खांद्यावर घेऊन, भिंतीला धरत. दाराशी थांबला. खोलीत ऊन आलं होतं, पार समोरच्या भिंतीपर्यंत. तो आत आला आणि उन्हातल्या सोफ्यावर, सोनेरी सोफ्यावर, गोधडीसकट बसला.

"इथे चांगलं आहे गं," तो बायकोला म्हणाला. "तू मला कधी सांगितलं नाहीस, इथे एवढं ऊन येतं."

मग तिने टेबलावरचे विणलेले रुमाल एकेक करून उचलायला सुरुवात केली. सगळे घडी करून झाल्यावर मला म्हणाली, "पत्रा तरी नीट काप. वेडावाकडा दिसला तर तुझं नाव घेईन."

तीन दिवसांत काम झालं. मजुरी मी घेतली नाही, तेवढंच. धुराडं उंच नेलं, वर टोपी बसवली, पेटता कागद धरून ओढ तपासली. खाट शेगडीपासून सहा हातांवर, खिडकीपासून आडोशाला. मागच्या खोलीला कुलूप. आणि मग उम्म सुलतानने शब्द पाळला. कांडक्यामागून कांडकं. एखाद्या बाईला चुलीत तूप ओतायची मुभा मिळावी, तसं तिचं चाललं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर तिने ओव्हरकोट काढून टाकला होता. खोलीत नुसत्या बनियनवर बसावं अशी ऊब. शेगडीवर संत्र्याची सालं ठेवली होती, वास छान येत होता. गावातली माणसं यायला लागली होती. सुरुवातीला पत्रा बघायला आली असतील, मग गरम बसायला मिळतं म्हणून. अबू सुलतान खाटेवर बसून त्यांना सांगत होता, कोणाच्या बापाला कुठल्या ओढ्यात लाकडासकट पकडलं. खोकला होता, पण आता दोन वाक्यांमध्ये, शब्दांमध्ये नाही.

सुलतानला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी ती अजूनही मधल्या खोलीत जाऊन अर्धा तास बॉयलर लावत होती, रेडिएटरला हात लावून दाखवत होती. मी म्हटलं, "आता तरी सांगा." तर म्हणाली, "एवढे पैसे घालून त्याने बसवले. त्याचं मन मोडेल." मोबाईलवर त्याने मला विचारलं तेव्हा एवढंच म्हणालो, "बाबा बरे आहेत. खरंच बरे आहेत."

जानेवारीत बर्फ पडला. दोन दिवस रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुराड्याची टोपी सरळ करायला त्यांच्याकडे गेलो होतो, बर्फाने ती कलली होती. काम करून आत येऊन हात शेकत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि सुलतान आत आला. न सांगता आला होता. गाडी खालच्या वळणावर अडकली म्हणून शेवटचा चढ पायी आलेला, बूट ओले, नाक लाल. बर्फाची बातमी बघितली आणि विमानात बसला, असं तो नंतर म्हणाला.

बाहेरून येताना खिडकीतला पत्रा त्याने पाहिलाच असणार. आता शेगडी पाहिली. काळी नळी, काचेच्या टेबलावर औषधांच्या बाटल्या, सोनेरी सोफ्यांच्या मधोमध खाट, खाटेवर बाप. सोफ्यावर आई, पाय वर घेऊन, मांडीवर संत्र्याची सालं.

"हे काय आहे?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे तुम्ही केलंत? मी नऊ रेडिएटर बसवायला सांगितले होते ना तुम्हाला?"

"बसवले होते," मी म्हटलं.

तो खोलीतून बाहेर गेला. त्याचे ओले बूट फरशीवर वाजत होते. स्वयंपाकघरात थांबले. मधल्या खोलीत थांबले. मागच्या खोलीचं कुलूप हलवल्याचा आवाज आला. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबला, तेवढ्यावरून कळत होतं की तो वाकून हात लावतोय. उम्म सुलतानने मांडीवरची सालं उचलून मुठीत धरली. अबू सुलतान दाराकडे बघत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण दार त्याच बाजूला होतं.

तो परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. आईकडे बघून म्हणाला, "दर शुक्रवारी, अम्मा?"

तिने मान खाली घातली. "तू विचारायचास," ती म्हणाली. "मग मी काय सांगणार होते?"

तो खाटेच्या पायथ्याशी बसला, कोट न काढताच, आणि गोधडीखाली हात घालून बापाचा पाय धरला. हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. दुसरा पाय धरला.

"गरम आहेत," तो म्हणाला.

"माझे आहेत," अबू सुलतान म्हणाला. "तुझा हात बर्फ आहे. काढ तो."

त्याने काढला नाही.